रविवारपुरता घेतलेला विसर

टीव्हीवर औषधाची नवी जाहिरात लागली, की त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल त्या घराने तो आजार घ्यायचा, असं स्नेहदीप सोसायटीत ठरलेलं होतं. सांगलीतल्या बाकीच्या सोसायट्यांमध्येही थोड्याफार फरकाने हेच चालायचं. स्नेहदीपमध्ये पाळ्या नीट लावलेल्या होत्या, म्हणून भांडणं कमी व्हायची, इतकंच.

पूर्वी पाळ्या नव्हत्या. मालिकेत कुणीतरी दार उघडणार, तेवढ्यात जाहिरात लागायची आणि आजार सापडेल त्याच्यावर पडायचा. लोक फार वैतागले होते. एकदा चिडून आठही घरांनी आठवडाभर टीव्ही बंद ठेवले, तर शुक्रवारी आठही घरांतले गुडघे एकदम सुजले. इमारतीला लिफ्ट नव्हती. दूधवाल्याला पिशव्या दोरीने वर द्याव्या लागल्या. मग आवाज बंद करून बघितला, तर आजार यायचा तो आलाच, फक्त कुठला आला ते कळेना. शेवटी सगळे मिळून केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "जाहिराती वरनं येतात काका. माझ्या हातात नुसती वायर."

तेव्हा सेक्रेटरी गोसावींनी तक्ता केला आणि पाण्याच्या मोटरीच्या वेळापत्रकाशेजारी लावला. सोमवार एक नंबर, मंगळवार दोन नंबर, असं आठ नंबरपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. जाहिरात चालू असेपर्यंत आजार राहायचा. जाहिरात बंद पडली की उतरायचा. औषध आणून उपयोग नव्हता. डॉक्टर स्वच्छ सांगायचे, "हे ज्यांना आपसूक आजार होतो त्यांच्यासाठी आहे. तुमचा जाहिरातीचा. थांबा, नवी जाहिरात आली की जाईल."

पाच नंबरच्या प्रमिला कोष्टींना हा तक्ता तोंडपाठ होता. तशा त्या नववीपर्यंत शिकलेल्या, पण इमारतीतलं त्यांना ठाऊक नाही असं काही नव्हतं. सकाळी दार किलकिलं ठेवून त्या उंबऱ्याशी भाजी निवडायला बसत. कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाची सून माहेरून दोन दिवस आधीच का आली, कुठल्या घरात आज कुकरला सहा शिट्ट्या झाल्या, सगळं त्यांच्या कानावर असे. लोक मागे हसायचे, पण कुणाला ताप आला तर पेजेचं पातेलं पहिल्यांदा त्यांच्याकडूनच यायचं. त्यांचे यजमान माणिकराव म्हणायचे, "तू सीआयडीत पाहिजे होतीस."

"सीआयडीवाले पेज करून देतात का?" प्रमिलाताई विचारायच्या.

समोर सहा नंबरमध्ये पद्माक्का मगदूम एकट्या राहत. वय एकाहत्तर. त्यांच्याबद्दल मात्र प्रमिलाताईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती त्यांना नऊ वर्षं दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी सलत होती. पद्माक्कांची मुलगी त्रिशला हिने जातीबाहेर लग्न केलं आणि ती घरातून गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे वर्षभरात तिचे वडील वारले, आणि ती दहाव्यालासुद्धा आली नाही, हेही सगळ्यांनी पाहिलं. पण पद्माक्कांनी लेकीचं नाव कधी वाईट घेतलं नाही. उलट तिचा विषय निघाला की त्याच मान खाली घालत. असं का, ते कळत नव्हतं.

त्या शनिवारी पाळी सहा नंबरची होती. संध्याकाळी सव्वासातला नवीच जाहिरात लागली. एक आजोबा स्वतःच्याच दारापुढे किल्ली घेऊन उभे असतात, कुलूप कसं उघडायचं ते त्यांना आठवत नाही. मग सून हसत येते, पाण्याबरोबर एक गोळी देते आणि आजोबा नातीचा वाढदिवस धडाधडा सांगतात. शेवटी तो नेहमीचा माणूस एका दमात म्हणतो, मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, झोप न लागणे वा फार लागणे असे आढळल्यास आपल्या डॉक्टरांना सांगावे.

पाचच मिनिटांत पद्माक्का प्रमिलाताईंच्या दारात उभ्या होत्या. हातात स्टीलची वाटी.

"विसराची आली गं," त्या म्हणाल्या.

"मी पाहिली. मेल्यांना सणवार काही आहे का नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. उद्या त्रिशला येतेय. गाडीने कोल्हापूरला चाललीय, दोन तास थांबणार आहे. नऊ वर्षांनी." पद्माक्का उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "मला तिला एक गोष्ट सांगायचीय. तेवढी सांगितली की मग काही होवो. पण सकाळपर्यंत विसर मुरला तर काय सांगू? मी तिला ओळखीन तरी का?"

आजार एका दिवसापुरता शेजाऱ्याला देता येत असे. लग्नकार्य, परीक्षा, प्रवास अशा कारणांसाठी तशी सोय होती आणि गोसावींच्या वहीत त्याला 'शेजारधर्म' असा रकाना होता. पाळी असलेल्या माणसाने वाटीवर हात धरायचा आणि ती जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेवटच्या त्या एका दमातल्या वाक्यासकट, न बघता म्हणायची. मग आजार वाटीत उतरायचा. घेणाऱ्याने ती वाटी तोंडाला लावायची. परत करताना हेच उलट. गेल्या साली प्रमिलाताईंनी दोन नंबरच्या सुनेची अर्धशिशी तिच्या भावाच्या साखरपुड्यासाठी अशीच सांभाळली होती.

"द्या इकडे," प्रमिलाताई म्हणाल्या.

आतून माणिकराव बोलले, "अगं, नीट विचार कर. गुडघे वेगळे, डोकं वेगळं."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझ्या डोक्यात असं काय मोठं भरलंय?"

"सबंध इमारत भरलीय."

प्रमिलाताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पद्माक्कांचा हात धरला. "पण अक्का, एक आहे. ती गोष्ट काय, ते मला सांगायचं."

पद्माक्कांनी वाटी पुढे केली. "आधी तिला सांगते. मग तुला. संध्याकाळी वाटी घ्यायला येईन तेव्हा."

"शब्द?"

"शब्द."

पद्माक्कांनी वाटीवर हात धरून जाहिरात म्हटली. मळमळीपाशी त्यांना धाप लागली, पण दम तुटला नाही. गोसावी वही घेऊन वर आले, दोघींच्या सह्या घेतल्या आणि वेळ लिहिली. वाटीत तळाशी पाण्यासारखं काहीतरी होतं. प्रमिलाताईंनी ते पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं. "चव नाही काही," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या उठल्या तेव्हा त्यांना बरं वाटत होतं. मेथीची जुडी घेऊन त्या सवयीने उंबऱ्याशी बसल्या. जिन्यात पावलं वाजली. एक चाळिशीची बाई वर आली, घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा. ती समोरच्या दारापुढे थांबली आणि बेल न वाजवता नुसती उभी राहिली. प्रमिलाताईंना वाटलं, हिला विचारावं, कुणाकडे आलीस बाळ. मग वाटलं, आपण तरी कुणाकडे आलोय? दार उघडलं. आतल्या म्हाताऱ्या बाईंनी हात पुढे केले, आणि ती बाई त्या हातांत गेली नाही, पण आत गेली. दार लागलं.

आतून बोलणं ऐकू येत होतं. शब्द अगदी स्पष्ट होते, पण पुढचा येईपर्यंत मागचा राहत नव्हता. मध्येच रडणं ऐकू आलं, आधी एकीचं, मग दुसरीचं. प्रमिलाताईंनी मेथीच्या काड्या एका ताटात आणि पानं एका ताटात ठेवली, आणि मग दोन्ही एकत्र केली.

दुपारी माणिकरावांनी त्यांना आत नेऊन जेवायला वाढलं. "मी कोण?" त्यांनी चेष्टेने विचारलं.

"जेवायला वाढताय म्हणजे घरातलेच असाल," त्या म्हणाल्या, आणि माणिकरावांच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी प्रमिलाताई ओटा पुसत होत्या. ओट्यावर एक वाटी दिसली. ती आपल्या घरातली नाही, हे हाताला लगेच कळलं. आपल्या वाट्यांना काठ आहे, हिला नाही. शेजारची वाटी आपल्याकडे राहिलेली बरी नव्हे. आणि शेजारची वाटी रिकामी पाठवायची नसते, हे त्यांना विसर पडण्याच्याही आधीपासून माहीत होतं. त्यांनी डबा उघडून वाटीत साखर भरली, वर बशी झाकली आणि समोरची बेल वाजवली.

पद्माक्कांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी बशी काढून पाहिलं.

"प्रमिला, हे काय?"

"तुमची वाटी. राहिली होती."

"जाहिरात म्हण बाई. हात धर, असा. एक आजोबा दारापुढे..."

"कुठले आजोबा?" प्रमिलाताईंनी मागे वळून जिन्यात पाहिलं. "त्यांना बसायला द्या की."

गोसावींना बोलावलं. त्यांनी नियम वाचला. आजार परत करायचा तर तो ज्याच्याकडे आहे त्याने स्वतः, न बघता, पूर्ण जाहिरात म्हणायला हवी. गुडघेदुखीत, पित्तात, खाजेत आजवर कधी अडचण आली नव्हती. विसराची जाहिरात पहिल्यांदाच आली होती, आणि ज्याला विसर पडलाय तो जाहिरात पाठ कशी म्हणेल, हे एवढ्या शहाण्या आठ घरांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

तरी प्रयत्न झाले. माणिकराव एकेक वाक्य पुढे म्हणायचे आणि त्या मागून म्हणायच्या, पण वाटी कोरडीच राहायची. मागून म्हटलेलं चालत नाही, असं गोसावी म्हणाले, आणि ते खरं होतं. आठवडाभर रोज सव्वासातला त्यांना टीव्हीपुढे बसवलं. त्या रंगून जाहिरात पाहायच्या. आजोबांना किल्ली लागली नाही की हळहळायच्या, नातीचा वाढदिवस आठवला की टाळी वाजवायच्या. सबंध सांगलीत ती जाहिरात बघून न वैतागणाऱ्या त्या एकट्याच होत्या. संपली की विचारायच्या, "आता काय लागणार आहे?"

गोसावींनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की जाहिरात लोकांच्या चांगली लक्षात राहिली असल्याने ती पुढेही चालू ठेवण्यात येत आहे, आणि प्रेक्षकांनी काही त्रास झाल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोसावींनी ते पत्र वहीत चिकटवलं. शेजारधर्माच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वाटी परत. आजार परत नाही.' खाली पद्माक्कांनी सही केली.

शब्द पाळायचा होता, म्हणून पद्माक्का त्या रविवारीच रात्रीच्या जेवणाआधी पाच नंबरमध्ये आल्या होत्या. माणिकरावांना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, दार ओढून घेतलं आणि प्रमिलाताईंना ती गोष्ट सांगितली. यजमान शेवटचे चार दिवस त्रिशलाला बोलाव, त्रिशलाला बोलाव म्हणत होते. पद्माक्का फोनपाशी जायच्या, उचलायच्या, ठेवायच्या आणि आत येऊन सांगायच्या, केला फोन, तिला यायचं नाही म्हणते. ते तसेच गेले. दहावा उलटून गेल्यावर त्यांनी लेकीला कळवलं. लेकीला वाटत राहिलं की बाबांनी आपलं नाव काढलं नाही. बाबांना वाटलं की लेक आली नाही.

समोर बसून सांगितलेलं तेवढ्यापुरतं प्रमिलाताईंजवळ राहत होतं. त्यांनी तोंडावर हात घेतला. "अक्का, हे काय केलंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मग उठून पद्माक्कांना जवळ घेऊन रडल्या.

"मग पोरगी काय म्हणाली?"

"काही नाही. पेढे ठेवले आणि गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दिसल्यावर प्रमिलाताईंनी पद्माक्कांना खुणेने जवळ बोलावलं. काय विसरलंय ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी कळायचं राहिलंय, एवढं मात्र त्यांना पक्कं वाटत होतं.

"तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात ना?" त्यांनी हळूच विचारलं.

पद्माक्का म्हणू शकल्या असत्या, की नाही, काही नाही. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आत चल."

तेव्हापासून हे रोज चालतं. साडेदहाच्या सुमाराला पद्माक्का समोरच्या घरात जातात, दार ओढून घेतात आणि पहिल्यापासून सांगतात. काही गाळलेलं चालत नाही. प्रमिलाताई मध्येच विचारतात, "फोन उचलला होतात की नुसता हात लावला?" आणि ते सांगावं लागतं. प्रमिलाताई तोंडावर हात घेतात, अक्का हे काय केलंत हो म्हणतात, उठून जवळ घेतात. त्यांचं रडणं रोज पहिल्या दिवशीचंच असतं.

गेल्या महिन्यात पद्माक्कांना ताप होता, तर माणिकराव म्हणाले, आज राहू द्या, तिला काय कळणार आहे. पद्माक्का शालीचा बोळा छातीशी धरून आल्या. प्रमिलाताईंनी त्यांना पाट दिला आणि म्हणाल्या, "बसा हो. समोरच राहता ना तुम्ही? एकट्याच का?"

"एकटीच," पद्माक्का म्हणाल्या, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.