पेज अतिउत्तम

माणूस जितका जास्त आजारी, तितका तो रुग्णालयावर जास्त खूश असतो, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. शास्त्र म्हणजे आमच्या रुग्णालयाची रुग्णसमाधान समिती. सदस्य तीन, पैकी एक रजेवर. मी तिचा सचिव. (रुग्णालयाचे नाव सांगायची मला मुभा नाही. कोरगावाहून बस बदलून यावे लागते, एवढे पुरे.)

समितीने सहा महिने रुग्णांकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले. सर्दीवाल्याच्या सरासरी चौदा तक्रारी निघाल्या, त्यांतल्या तीन शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याबद्दल. मोडलेल्या पायाच्या सहा. काविळीच्या दोन, दोन्ही डाळीच्या रंगाबद्दल. अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध रुग्णांनी मात्र एक शब्दही वाकडा काढला नाही, म्हणून त्यांचे समाधान शंभर टक्के धरले. यावरून समितीने नम्र शिफारस केली, की नागरिकांनी रुग्णालयात येताना थोडे अधिक आजारी होऊन यावे.

या प्रगतीच्या आड एकच माणूस येत होता. कोरगावचे पांडुरंग. काजूची फांदी हलवायला चढले आणि ठरल्यापेक्षा लवकर खाली आले. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळे. पेज पातळ. शेजारच्याच्या पेजेत शिते जास्त (मोजून सांगितली). पाव कालचा. पंखा वारा भिंतीला घालतो. नर्स सोनाली हसते ते मनापासून नाही. त्यांच्या एकट्याच्या अर्जांमुळे आमचे समाधान ८९.६ वर अडकले होते, आणि गुणवत्तेच्या प्रमाणपत्राला नव्वद लागतात. तपासणी शुक्रवारी होती.

गुरुवारी सकाळी चमत्कार झाला. पांडुरंगांनी पाचही रकान्यांत 'अतिउत्तम'वर खूण केली आणि खाली लिहिले, 'पेज फार चांगली. सर्वांचे आभार.' मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून दारावर लावला. डॉक्टर सिद्धेश म्हणाले, रुग्णात लक्षणीय सुधारणा आहे.

अकरा वाजता त्यांची बायको सुशीला लोणच्याची बाटली घेऊन आली. दारावरचा कागद तिने वाचला, पुन्हा वाचला आणि बाटली माझ्या हातात कोंबून थेट डॉक्टरांना गाठले.

"ह्यांका कायतरी जालां, डॉक्टर!"

"उलट, ते खूश आहेत."

"तेंच तर! बत्तीस वर्सां माज्या माशांच्या हुमणाक बरां म्हणूंक ना, आणि तुमच्या पेजेक बरी म्हणतत?"

डॉक्टरांनी तिची समजूत घालायला म्हणून पांडुरंगांना थर्मामीटर लावला. ताप एकशे चार. छातीत न्यूमोनिया. पांडुरंगांना धावत अतिदक्षता विभागात नेले, तिथे ते सलाईन लावणाऱ्याचेही आभार मानत होते. सुशीला दाराबाहेर बाकावर बसली, ती दोन दिवस उठली नाही. मला त्या बाईकडे बघवेना. तो कागद मीच हौसेने लावला होता, त्याची लाज वाटत होती.

शुक्रवारी तपासणीवाले आले. समाधान ९०.३ भरले, प्रमाणपत्र मिळाले, फोटो निघाला. मी फोटोत आहे, पण हसलेलो नाही.

शनिवारी पांडुरंगांनी डोळे उघडले. सोनालीने चमचाभर पेज भरवली. त्यांनी ती गिळली, कपाळाला आठी घातली आणि क्षीण आवाजात विचारले, "ही पेज काय हात धुवचां पाणी?"

सुशीला तेव्हा रडली. "वाचले," एवढेच म्हणाली आणि पदराने डोळे पुसून लोणच्याची बाटली मागू लागली. आमचे समाधान पुन्हा ८९.७ वर आले.

समितीने आता नवे परिपत्रक काढले आहे. रुग्णाने एकदा 'छान' म्हटल्यास नाडी बघावी. दोनदा म्हटल्यास ताप. 'आभारी आहे' म्हणाल्यास डॉक्टरांना जेवणावरून उठवावे. कोरगावात घरोघरी ही पद्धत लागू झाली असून जावयांची प्रकृती विशेष ठणठणीत असल्याचे आढळले आहे.

आता तुमच्याबद्दल. या मजकुरात पेजेचे वर्णन चार वेळा आले, आकडेवारी कच्ची आहे, आणि समितीचा तिसरा सदस्य रजेवरून परत आलाच नाही. एवढे होऊनही तुम्ही एकदाही नाक न मुरडता इथपर्यंत वाचत आलात. घरात कोणी असेल तर हाक मारा आणि कपाळाला हात लावून बघायला सांगा.