बेचाळिसावा मजला

"रविवारी दुपारी चारच्या आत मी या वादाचा कायमचा निकाल लावतो!" घड्याळजींनी जाहीर केलं.

"लावा," शेंगा सोलता सोलता बायको म्हणाली. तिला वादाची सवय होती. तो तिच्या लग्नापेक्षा चार वर्षांनी मोठा होता.

'धुराचं शहर' नावाचा एक जुना व्हिडिओ गेम. भविष्यातलं शहर, कंपन्यांचं राज्य, माणसांच्या डोक्यात वायरी आणि नायक पोटापाण्यासाठी माहिती चोरणारा. हा खेळ दोन कन्सोलवर आला होता. नाव एक, गोष्ट एक, पण खेळ दोन! घड्याळजींच्या काळ्या डब्यावर सगळं शहर मोकळं: हिंडा, कामं घ्या, गोळ्या झाडा. मेव्हण्यांच्या राखाडी डब्यावर मात्र एकेका माणसाशी गोडीत बोलून माहिती काढायची. घड्याळजी त्याला 'चौकशी खिडकी' म्हणत. मेव्हणे काळ्याला 'फटाक्याचं दुकान' म्हणत. मेव्हणे लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे बोलणंही वर-खाली व्हायचं. गंमत म्हणजे तेहतीस वर्षांत कुणीच दुसऱ्याच्या खेळाला हात लावला नव्हता.

आता जुन्या खेळांच्या मंडळात रविवारी दोन्हींची जाहीर तुलना ठरली होती. त्यासाठी मेव्हण्यांनी बुधवारी आपली कॅसेट आणि कन्सोल जड मनाने घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आणून दिला.

"भाऊजी, आत माझा खेळ साठवलाय. बेचाळिसावा मजला! वर एकच मजला उरलाय. तो साठवलेला खेळ उघडायचा नाही हं."

"मेव्हणे, शब्द म्हणजे शब्द!"

घड्याळजींनी शब्द पाळला. खेळ उघडला नाही, कॅसेट उघडली! नुसती धूळ पुसायला. आत बटणाएवढा एक म्हातारा सेल दिसला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला. जुना काढला, नवा बसवला. मेव्हण्यांवर केवढे उपकार केले, या आनंदात त्यांनी टीव्ही लावला.

पडद्यावर अक्षरं आली: 'नवीन खेळ सुरू करा.'

एवढंच! जुना खेळ त्या सेलच्या जिवावर जगत होता. सेल निघाला आणि बेचाळीस मजले जमीनदोस्त.

घड्याळजी मटकन स्टुलावर बसले. बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादाला सांगून टाका."

"कोणत्या तोंडाने? त्याची तरुणपणाची एकमेव कमाई होती ती! मी पुन्हा चढतो. रविवारपर्यंत बेचाळीस मजले!"

शटर अर्धं खाली आलं. गिऱ्हाइकांना 'सोमवारी या' सुरू झालं. आणि खेळ सुरू होताच नायक जागा झाला तो एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये!

घड्याळजींनी बटणं दाबली, पत्रा उचकटला, वायरी जोडल्या, छतावर चढले. लिफ्ट ढिम्म. गुरुवार उजाडून मावळायला आला तरी माणूस आतच. त्यांनी कपाळाला हात लावला.

"घंटा वाजवून गप्प बसा की!" बायको म्हणाली. "दादा प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी लावतो ना: घंटा वाजवा, शांत राहा, वाट पाहा."

त्यांनी घंटा वाजवली आणि नाइलाजाने हात बाजूला घेतले. एक मिनिट गेलं. बाहेरून कुणीतरी दार उघडलं!

मग मात्र घड्याळजी सुटले. चहावाल्याशी बोलले, रखवालदाराशी बोलले, एका रोबोटचं घरगुती दुःखही ऐकून घेतलं. तुलनेसाठी केलेल्या वहीत काळ्याच्या रकान्यात नुसतं 'वेग' लिहिलं होतं, तर राखाडीच्या रकान्याला पानं पुरेनात. शनिवारी संध्याकाळी बेचाळिसावा मजला आला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तेहतीस वर्षं आपण मूर्खासारखे भांडलो, असं त्यांना मनापासून वाटलं.

रविवारी मंडळाच्या खोलीत दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. मेव्हणे आले तेच घाम पुसत.

"आधी राखाडी! दाखवा तो बेचाळिसावा मजला!" अध्यक्ष म्हणाले.

"छे हो, जुना सेल तो. खेळ उडालाही असेल," मेव्हणे घाईघाईने म्हणाले. "उडाला असेल तर भाऊजींना कुणी बोल लावायचा नाही! मी मोठ्या मनाने माफ करतो!"

"माफी कशाला?" घड्याळजींनी छाती फुगवली. "जसाच्या तसा आहे!"

पडद्यावर बेचाळिसावा मजला झळकला. टाळ्या पडल्या. मेव्हण्यांचा चेहरा मात्र पांढराफटक! अध्यक्षांनी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी भलतंच बटण दाबलं आणि नायक बेचाळिसाव्या मजल्याच्या खिडकीतून थेट खाली गेला.

मेव्हण्यांनी घड्याळजींना दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"भाऊजी, हा खेळ माझा नाही."

"नाहीच!" घड्याळजी रडवेले झाले. "तुमचा माझ्या हातून पुसला गेला. मी चार दिवस खपून पुन्हा उभा केला, अगदी तुमच्याच मजल्यापर्यंत."

"माझा मजला?" मेव्हण्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला फक्त एवढंच सांगा. त्या लिफ्टमधून बाहेर कसं पडायचं?"



"तेहतीस वर्षं तुम्ही त्या लिफ्टमध्येच?"

"लिफ्टवाला माणूस मी, हार कशी मानणार? सगळा पत्रा उचकटून झाला, छतावर चढून झालं! खरं सांगू? तुमचाच खेळ बरा. त्यात लिफ्ट नाही."

"पण आता मला तुमचाच आवडतो!" घड्याळजी ओरडले.

अध्यक्षांनी निकाल विचारला, तेव्हा दोघे पुन्हा तावातावाने भांडत होते, फक्त बाजू बदलून. शेवटी बायको उठली, नवीन खेळ लावला आणि भावाला समोर बसवलं.

"दादा, घंटा वाजव, शांत राहा, वाट पाहा."

मेव्हण्यांनी घंटा वाजवली. मग दहाच सेकंदांत त्यांचा हात पत्र्याकडे गेला.