हात तेवढा राहिला

नांदेड शहरात मोबाईलबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेली आई असेल, तर तिनं जरूर समोर यावं. मी तिला चहा देईन, तिचं सगळं ऐकून घेईन आणि मग तिचं कुठं चुकतं ते सांगेन.

हे ज्ञान मला मुक्तामुळं मिळालं. आमची मुक्ता अजून दोन वर्षांची व्हायची आहे आणि मांडीवरून खाली ठेवली की तिला जाग येते. त्यामुळं दुपारी ती झोपली की माझ्या एका हाताला मुंग्या आणि दुसऱ्या हातात फोन. आधी मी 'लहान मुलांच्या घशात काय काय अडकू शकतं' हे बघायचे. बघून बघून मलाच घास गिळेना, तेव्हा माझा नवरा अश्वजित म्हणाला, "दुसरं कायतरी बघ बाई." मग मी नव्या फोनचे लाँच बघायला लागले.

काय तो थाट! काळा टी-शर्ट घातलेला एक माणूस अंधारातून चालत येतो आणि गंगा त्यानंच खाली आणल्यासारखा हात पसरतो. गेल्या वर्षी ज्या फोनला तो 'आजवरचा सर्वोत्तम' म्हणाला होता, तोच फोन आता त्याला बैलगाडीसारखा वाटतो. टाळ्या मात्र दोन्ही वर्षी सारख्याच.

आणि ते समीक्षक! त्यांच्याकडं एक स्वच्छ टेबल असतं, एक कुंडी असते आणि मागं जांभळा दिवा. त्यांच्या कडेवर कधी लेकरू नसतं. 'फोन हातात छान बसतो' म्हणतात. कुठल्या हातात? माझ्या एका हातात मुक्ता आणि दुसऱ्यात कुकरचं झाकण. चंद्राचा फोटो काढून दाखवतात. वरणाचं बोट लागल्यावर पडदा चालतो का, हे एकानंही दाखवलं नाही. मिक्सर चालू असताना रिंग ऐकू येते का, लाळेनं स्पीकर बसतो का, या प्रश्नांवर तंत्रज्ञान पत्रकारिता पूर्ण गप्प आहे. म्हणून माहेरच्या ग्रुपवर मीच परीक्षणं टाकायला लागले. ऐकणाऱ्या बहुतेक माम्या होत्या, पण मनापासून ऐकायच्या.

एक गोष्ट मात्र मला कुणी नीट समजावून सांगत नव्हतं. नव्या फोनमध्ये फोटोतला नको असलेला माणूस बोटानं पुसता येतो. पुसला की मागची भिंत दिसते. माझं म्हणणं एवढंच, की तो माणूस तर भिंतीच्या पुढं उभा होता. मग मागची भिंत फोनला दिसली कशी?

"दिसत नाही. अंदाज करतो," अश्वजित म्हणाला.

"म्हणजे थाप मारतो?"

"अंदाज म्हणतात त्याला."

"तू उशिरा घरी आल्यावर करतोस तसा?"

तो रेल्वेच्या ऑफिसला निघून गेला. प्रश्न तसाच राहिला.

अशात माझा धाकटा भाऊ आनंदराज याचा नायगावहून फोन आला. त्याचं तिथं मोबाईलचं दुकान आहे. गाळा व्यंकटराव तात्यांचा. तात्या म्हणजे गावातलं जुनं, मानाचं माणूस. शेती मोठी, राग त्याहून मोठा. गाळ्याचा करार संपत आला होता आणि तात्यांचा पुतण्या बजरंग त्या जागेवर डोळा ठेवून होता. त्याला तिथं झेरॉक्स टाकायचं होतं.

"ताई, कंपनीचा नवा फोन आलाय. दुकानासमोर लाँच ठेवून राहिलो. तात्याला प्रमुख पाहुणा करतो. खूश झाला की करार पुढं चालू. तू ये, चार शब्द बोल."

"मी? काय म्हणून?"

"तंत्रज्ञान समीक्षक म्हणून. फ्लेक्सवर छापलंय."

फ्लेक्सवर छापल्यावर माणूस नाही कसा म्हणणार?

मी मुक्ताला घेऊन बसनं नायगावला गेले. दुकानासमोर मांडव, खुर्च्या, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार. पत्रकार परिषदही होती. पत्रकार एकच, साप्ताहिकाचे संपादक संगमेश. मी त्यांना प्रोसेसरबद्दल सांगायला लागले तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या ताई. बातमीत नावं कुणाकुणाची घ्यायची ते सांगा." त्यांनी बातमी आधीच लिहून आणली होती. तात्यांपासून मांडववाल्यापर्यंत सगळे त्यात होते. फोनचं नाव जागा उरली तर येणार होतं. खरं सांगते, मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटली. मोठे समीक्षकही बहुधा आधीच लिहून आणत असतील; हे निदान कबूल करतात.

कार्यक्रम देखणा झाला. तात्यांना शाल, नारळ, फेटा. तात्यांनी रुमाल ओढून फोन प्रकट केला. मी चार शब्दांऐवजी चाळीस बोलले आणि त्यातले पाच लाळेवर होते, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटोसाठी रांग झाली. मध्यभागी तात्या, त्यांचा हात आनंदराजच्या खांद्यावर. तो हात म्हणजेच करार, असं आनंदराजच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं, त्याच नव्या फोननं. काढला. सुंदर आला. फक्त तात्यांचे डोळे मिटलेले होते आणि तोंड दुसरीकडं होतं. एवढ्यात फोननं आपणहून तात्यांच्या भोवती एक चमकती रेघ ओढली आणि विचारलं, हे नको आहे का?

वाचक हो, मला तात्या हवे होते. पण तात्यांच्या मागं फोन काय काढतो, हेही हवं होतं. कितीतरी दिवस हा प्रश्न डोक्यात होता आणि उत्तर माझ्या अंगठ्याखाली होतं. नुसतं बघून परत आणायचं, असं ठरवून मी अंगठा टेकवला.

तात्या गेले. त्यांच्या जागी फोननं एक झेंडूची कुंडी ठेवली. इतकी खरी, की मी मान वर करून खरी कुंडी कुठं आहे ते शोधलं. मग मला दिसलं, की तात्या सगळे गेले नव्हते. हात राहिला होता. मनगटापासून पुढचा हात, अंगठीसकट, आनंदराजच्या खांद्यावर निवांत टेकलेला.

मला हसू आवरेना. तेवढ्यात खाली बघते तर मुक्ता मांडवातलं काहीतरी चघळत होती. टाचणी! संगमेश शेजारीच उभे होते, मी फोन त्यांच्या हातात कोंबून म्हणाले, "शेवटचा फोटो घ्या यातला," आणि मी मुक्ताच्या तोंडात बोट घातलं. टाचणी नव्हती, झेंडूची पाकळी होती. ती काढली, मग तिनं मांडव डोक्यावर घेतला, तिला गप्प केलं, आणि या सगळ्यात फोटो परत आणायचा राहूनच गेला. संगमेशनी फोटो घेऊन परत दिलेला नवा फोन मी घाईत माझ्याच पिशवीत टाकला आणि परतीच्या बसमध्ये चढले.

संगमेश फोटोकडं कधीच बघत नाहीत. कोण आहे ते त्यांना माहीत असतं, कारण नावं त्यांनीच लिहिलेली असतात. बस नांदेडच्या अलीकडं आली तेव्हा बातमी माझ्या फोनवर आली: 'व्यंकटराव यांच्या हस्ते नव्या फोनचे थाटात अनावरण.' खाली फोटो. रांग, कुंडी आणि हात.

पाठोपाठ आनंदराज.

"ताई, तात्या कुठाय?"

"मला कसं ठाऊक? घरी असतील."

"फोटोत, ताई. फोटोत कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "समद्या गावात फिरून राहिला फोटो. बजरंगनं तात्याला नेऊन दाखवला. म्हनला, 'काका, मानूस कापला बघा. हात तेवढा ठिवला, करारावर अंगठा लावायला.'"

तीन गावांच्या लोकांची गिऱ्हाइकी आनंदराजनं त्या गाळ्यावर जमवली होती. आमच्याकडं फ्लेक्सवर नाव खाली गेलं तरी माणसं वर्षभर बोलत नाहीत. इथं तर मी पाहुणाच पुसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मुक्ता आणि आनंदराज तात्यांच्या दारात. तात्या बाजेवर बसले होते. आमच्याकडं बघितलंच नाही.

"नमस्कार तात्या," मी म्हणाले.

तात्या भिंतीला म्हणाले, "कुनाला करून राहिलेत नमस्कार? हितं कोन हाय?"

त्यांच्या पत्नी केवळाबाई चहा घेऊन आल्या.

"मला कशाला च्या?" तात्या म्हणाले. "मी काडून टाकलेला मानूस. हाताला पाज."

"पिवा गपगुमान," केवळाबाई म्हणाल्या. "कालपासून हेच चाललंय, माय. जेवायला वाढलं तर म्हनतात, कुंडीला पानी घाल."

मी हात जोडले. "तात्या, चूक माझी. आनंदराजला ह्यातलं काही माहीत नाही. माणूस काढल्यावर मागं काय दिसतं, एवढंच बघायचं होतं मला."

"आन् त्यासाठी मीच घावलो? येवढी खोगीरभरती हुबी होती."

"मी नाही निवडलं. फोननंच विचारलं, हे नको का म्हणून."

हे सांगायला नको होतं. तात्यांच्या मिशा हलल्या. आनंदराजनं डोळे मिटले. पण केवळाबाई जवळ सरकल्या.

"आपल्या मनानं इचारतो? दाव बरं. मला काड."

"काकू, नको."

"काड म्हनते ना. चाळीस वर्सं ह्या घरात हाय, बगू तरी माज्याबिगर कसं दिसतं."

मी तात्यांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते, पण कान आमच्याकडं होते. मी पिशवीतून तोच नवा फोन काढून दोघांचा फोटो घेतला; तात्या बाजेवर, केवळाबाई मागच्या भिंतीला टेकून. मग केवळाबाईंवर बोट ठेवलं. त्या गेल्या. आणि त्यांच्या जागी भिंतीत एक दार आलं. हिरवं, कडीकोयंड्याचं, नीट उंबरा असलेलं दार.

"हे दार कुनाच्या घरचं?" केवळाबाईंनी विचारलं.

तात्यांना राहवेना. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि जिथं दार दिसत होतं तिथं हात फिरवला. दोन ठिकाणी बोटानं ठोकूनही बघितलं.

"हितं दार न्हाई," त्यांनी जाहीर केलं.

"मंग मी काय म्हनत होते?" केवळाबाई उसळल्या. "घर बांधलं तवाच म्हनलं, हितं दार पायजे, गोठ्यात जायला येढा पडतो. आयकलं का कुनी? बगा, त्या फोनला बी कळलं."

"त्याला काय कळतंय? थापा मारून राहिला त्यो."

"अंदाज करतो," मी हळूच म्हणाले.

"थाप मारतो!" तात्या म्हणाले, आणि मला माझ्या विचारांचा माणूस पहिल्यांदाच भेटला. "माज्या घरात, माज्या भिंतीत, नसलेलं दार दावतो. मंग मी असून न्हाई म्हनला, तर त्याचं काय मनावर घ्यायचं?"

आनंदराजनं डोळे उघडले.

नेमका तेव्हाच बजरंग आत आला. आम्हाला बघून म्हणाला, "काका, ह्या लोकास्नी घरात घेतलं?"

तात्या मला म्हणाले, "ह्याचा काड एक."

मी काढला. बजरंग पुसला. तो मात्र एकदम साफ निघाला. हात नाही, कुंडी नाही, दार नाही. मागं नुसती भिंत. तात्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला.

"लई ब्येस," ते म्हणाले, आणि बाजेवर बसून गार झालेला चहा प्याले.

पुढच्या आठवड्यात करार करायचं ठरलं. हल्ली हे काम कॉम्प्युटरवर होतं; दोघांचे अंगठे घेतात आणि तिथंच फोटो काढतात. कॉम्प्युटरवर एक मुलगी होती. आनंदराजचा फोटो झाला. तात्या खुर्चीवर बसले, टोपी नीट केली, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि मग त्यांची नजर दारात मुक्ताला घेऊन उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. ते उठून उभे राहिले.

"बसा ना काका," मुलगी म्हणाली.

"आधी तिला भाईर न्या," तात्या म्हणाले.

"तात्या, माझ्या हातात फोनपण नाही," मी म्हणाले.

"नसू दे. लांब."

आनंदराज माझ्याजवळ आला. "ताई, लेकराला ऊन दाव जरा," म्हणाला, आणि काचेचं दार लावून घेतलं.

मी समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. तिथून आतलं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळं मला अंदाजच करावा लागला. संध्याकाळी आनंदराजनं झालेल्या कराराचा कागद पाठवला. मी तो मोठा करून चारही कोपऱ्यांतून तपासला. दोघंही होते. हातांसकट.