आप्पांच्या कवळीतला पाहुणा

आप्पांनी कवळी पेल्यातून काढून तोंडाशी नेली, तोच न्हाणीघराच्या दारातून सूनबाई किंचाळली, "आप्पा, तोंड मिटा!"

आप्पांनी घाबरून मिटलं. कवळी हातातच राहिली. सूनबाईने ती अलगद काढून घेतली आणि उजेडाकडे धरली. "मिळाला! जिवंत आहे!"

सूनबाई रानपक्ष्यांच्या पोटातल्या जंतांचा अभ्यास करायची. एका मेलेल्या राखी बगळ्याच्या घशात तिला असा जंत सापडला होता, की जाणकारांनीही डोकं खाजवावं. प्रयोगशाळेतली वीज गेलेली, म्हणून तिने तो पेलाभर कोमट मिठाच्या पाण्यात घालून घरी आणला आणि पेला उबेसाठी गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला. चहानंतर आप्पांनी त्याच पेल्यात कवळी बुडवली. जंताला इतकी गुळगुळीत, गुलाबी हिरडी बगळ्याकडे कुठली मिळायला! पोटाखालच्या चोखणीने तो तिला घट्ट चिकटून बसला.

"माझे हात हे!" आप्पा म्हणाले.

"हात तुमच्या खांद्यालाच आहेत," सासूबाई आतून म्हणाल्या.

"हात नाही, हात!" आप्पा चिडले. दातांशिवाय त्यांचा 'द' जाग्यावर येत नसे.

"आप्पा, ओढला तर तुटेल हो," सूनबाई काकुळतीला आली. "आज विभागातल्या सगळ्यांसमोर जिवंत दाखवायचाय. एवढा एकच उरलाय. कवळीसकट नेऊ?"

आप्पा दातांशिवाय कधी दूधवाल्यासमोरही गेले नव्हते. पण सुनेचे वर्षभराचे कष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते; मेलेल्या पक्ष्यांच्या वासापायी शेजाऱ्यांशी तेच तिच्या बाजूने भांडले होते. त्यांनी क्षणभर विचार केला, कोट चढवला, तोंडावर रुमाल धरला आणि पेला स्वतः उचलला. कवळी जाईल तिथे आप्पा जातील, हे कोणी न बोलताच ठरलं.

रिक्षात त्यांनी पेला छातीशी धरला. खड्डा आला की पाणी कोटावर सांडायचं, पण आप्पा हूं की चूं करेनात. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "काका, मासा आहे का?" आप्पांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. मग त्याने पेल्यात नीट पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता मागे वळून बघितलं नाही.

सभागृहात आप्पा पहिल्या रांगेत बसले. दिवे मंदावले आणि पडद्यावर त्यांची कवळी भिंतीएवढी झाली. सुळ्यामागे जंत ऐटीत वळवळत होता. आधी कुजबुज, मग टाळ्या. रुमालाआड आप्पांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत.

सूनबाई न अडखळता बोलली. शेवटी विभागप्रमुख उठले. ते उशिरा आले होते आणि पडद्याकडे चक्रावून बघत होते. जंत ज्याच्या अंगात जगतो त्याला त्यांच्या शास्त्रात यजमान म्हणतात.

"नमुना अप्रतिम! पण बाई, याचा यजमान कोण?"

सूनबाईने उत्तरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. आप्पा उभे राहिले होते. त्यांनी रुमाल खिशात घातला, कोट सारखा केला आणि मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले, "मी."

त्या शब्दाला दात लागत नाहीत. सूनबाईने 'राखी बगळा' हे दोन शब्द गिळून टाकले.