'ब' टाकीचा खुराक

डॉ. संगमेश पट्टणशेट्टी यांनी पंचेचाळिसाव्या दिवशी 'ब' टाकीतला पन्नासावा मासा काट्यावरून उतरवला, वहीत भागाकार केला, आणि मग तोच भागाकार पुन्हा केला. उत्तर बदललं नाही. 'अ' टाकीतल्या माशाचं सरासरी वजन बासष्ट ग्रॅम होतं आणि 'ब' टाकीतल्या माशाचं एकाहत्तर.

हे उलटं होतं. 'अ' टाकीतल्या रोहूंना डॉक्टरांनी सहा वर्षं खपून तयार केलेलं खाद्य मिळत होतं. त्यात सोयाबीन होतं, शेवग्याचा पाला होता, हळद होती, लसूण होता, आणि प्रत्येक गोळी मुगाएवढी होती. 'ब' टाकीला शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, म्हणजे जो मासा मिळेल ते खातो त्याला जे मिळतं ते. 'ब' टाकी फक्त तुलनेपुरती होती. तिने मागे राहायचं, एवढंच तिचं काम होतं, आणि तेवढंही तिला जमत नव्हतं.

"वस्ताद, काटा बरोबर आहे ना?"

"काट्याला काय धाड भरलीया? मासा जड हाय, साहेब."

चमन जमादार मुरगूडच्या अलीकडच्या या मत्स्यसंशोधन उपकेंद्रावर रोजंदारीने राखणदार होते. उपकेंद्र म्हणजे दोन सिमेंटच्या टाक्या, एक खोली आणि एक पाटी. चमन जमादारांचे दोन्ही कान मोडलेले होते, कारण त्यांनी पंधरा वर्षं कुस्तीची मैदानं मारली होती. पुढे तालमीत पोरं घडवली, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणत. माशांना खायला घालणं आणि पाणी बदलणं हे काम त्यांच्याकडे होतं.

प्रयोगाच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. वस्तादांनीही नीट ऐकून घेतलं होतं.

"म्हंजे ह्या टाकीला बदामाचा खुराक, आन ह्या टाकीला नुसतं ताक."

"साधारण तसंच."

"आन तीन महिन्यांनी जोड लावायची."

"वजन करायचं."

"त्येच की. पर साहेब, ही जोड काय खरी न्हाय. मैदानात असली जोड लावली तर लोकं दगडं मारत्यात."

"वस्ताद, ही कुस्ती नाही, प्रयोग आहे."

"बरं," वस्ताद म्हणाले.

कोल्हापूर जिल्ह्यात 'बरं' या शब्दाचा अर्थ 'ऐकलं' एवढाच होतो. 'पटलं' असा होत नाही. हे डॉक्टरांना माहीत असायला हवं होतं. त्यांचा जन्म इथलाच होता. पण पीएच.डी. करायला माणूस चार वर्षं बाहेर राहिला की असल्या गोष्टी विसरतो.

नव्वदाव्या दिवशी पुण्याहून विभागप्रमुख डॉ. नाडकर्णी बाई येणार होत्या. 'अ' टाकी ठळकपणे पुढे दिसली तर प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाही दिसली, तर उपकेंद्राला कुलूप, आणि डॉक्टर मुख्य कार्यालयात, मासेमारीच्या परवान्यांच्या फायलींवर. सहा वर्षं एका मुगाएवढ्या गोळीत गेली होती, आणि ती गोळी आता पेंडीपुढे हरत होती.

डॉक्टर अस्वस्थ झाले. त्यांनी मुरगूडच्या एका किराणा दुकानातून वजनं मागून आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. त्यांनी दोन्ही टाक्यांच्या पाण्याचं तापमान दिवसातून सात वेळा घेतलं. तेही सारखं होतं. मग ते दोन टाक्यांच्या मधल्या बांधावरून येरझारा घालू लागले, आणि दुपारपर्यंत मासेही त्यांच्याबरोबर येरझारा घालू लागले.

"साहेब, डबा खावा. दोन वाजलं."

"भूक नाही." प्रयोग सुरू झाल्यापासून काळजीने डॉक्टरांचं हे जवळजवळ रोजचंच झालं होतं.

"अन्नावर राग काढू ने."

"तुम्ही घ्या, वस्ताद. नाहीतर बघा काय करायचं ते."

"वाया जात न्हाई, साहेब," वस्ताद म्हणाले. पुढे ते काय म्हणतात ते ऐकायला डॉक्टर थांबले नाहीत. ते आठव्यांदा तापमान घ्यायला गेले.

कोल्हापुरात घरी आई होत्या. गंगव्वांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता. डॉक्टरांनीही नाही. रोहूच्या यकृताबद्दल ते तासभर बोलू शकत, पण रोहू लागतो कसा हे त्यांना माहीत नव्हतं. मुलगा मासळीच्या धंद्यात गेला म्हणून गंगव्वा पहिलं वर्षभर पाहुण्यांत गेल्या नव्हत्या. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की तो मासे मारत नाही, त्यांना जेवू घालतो. तेव्हापासून त्या नात्यागोत्यात, मठातल्या अन्नदानाचं नाव घेऊन, अभिमानाने सांगत, "आमचा संगू दासोह चालवतोय. पाण्यातल्यांचा."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडून पाहिला आणि मग मुलाकडे पाहिलं.

"डबा तर रोज रिकामा येतोय. मग तू वाळत का चाललायस, यप्पा?"

"कामाचा ताण आहे, अव्वा. एका टाकीतले मासे ऐकत नाहीत."

"कुठल्या?"

"ज्यांना साधं खायला घालतो त्यांच्या. त्यांनी बारीक राहायला हवं, तर तेच वाढतायत."

गंगव्वांनी परात खाली ठेवली. "एका पंगतीत एकाला पुरणपोळी आणि एकाला कोंडा?"

"पंगत नाही अव्वा, टाकी आहे."

"दासोहात असला पंक्तिप्रपंच? शिवा शिवा! मग ते वाढतायत ते बरोबरच हाय की. देव बघतोय."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त आली. आमटीला तर्री वाढली. मुलगा वाळतोय, यावर गंगव्वांना तेवढाच उपाय माहीत होता.

शेचाळिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर 'अ' टाकीजवळ उभे होते. मोजून दिलेलं खाद्य संपलं होतं. शेजारी पोतं होतं. वस्ताद खोलीच्या पायरीवर पाठमोरे बसून चहा पीत होते. डॉक्टरांनी पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि 'अ' टाकीत सोडली. खाद्य ग्रॅमवर मोजून देण्याचं महत्त्व, या विषयावर त्यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध होते. त्यांचे कान लाल झाले. वस्तादांनी मागे न वळता चहाचा घोट घेतला.

एकदा टाकलेली मूठ एकटी राहत नाही. साठाव्या दिवशी 'अ' टाकी दोन ग्रॅमने पुढे गेली. डॉक्टरांनी त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. पण पंचाहत्तराव्या दिवशी 'ब' पुन्हा एका ग्रॅमने पुढे आली आणि त्या अर्ध्या भाकरीचीही वासना गेली. आता ते सकाळी एक मूठ टाकत आणि जाताना एक. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा वाढताना त्यांना दिसत होत्या. वस्ताद या वयातही जोर-बैठका मोजतात याचं त्यांना कौतुक वाटलं. तालमीत अशाच रेघा ओढतात.

आणि मग ऐंशीव्या दिवशी 'ब' टाकीच्या पाण्यावर लालसर तवंग दिसला.

डॉक्टरांना खरं म्हणजे दुःख व्हायला हवं होतं. पण रोग म्हटल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं. रोगाने अंग सुजतं. वजन वाढल्यासारखं दिसतं. सगळा उलगडा होत होता. ते वाकून वास घेऊ लागले. वास ओळखीचा होता. पण उपाशी माणसाला सगळेच वास ओळखीचे वाटतात. त्यांनी पाण्याची बाटली भरली, वर 'तातडीचे' असं लिहिलं आणि कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत नेऊन दिली.

"वस्ताद, या टाकीच्या पाण्यात हात घालू नका. साथ असू शकते."

"ह्या टाकीत?" वस्तादांनी तवंगाकडे बघितलं. "ह्ये साथीचं न्हाई, साहेब."

"तुम्हाला काय कळतंय?"

"बरं," वस्ताद म्हणाले.

नव्वदाव्या दिवशी नाडकर्णी बाई जीपमधून उतरल्या. बाई मूळच्या मालवणकडच्या. टाकीत वाकून त्यांनी ज्या नजरेने रोहूकडे पाहिलं, तशा नजरेने त्या उपकेंद्रात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. वस्ताद डोक्याला गुलाबी फेटा बांधून आले होते. त्यांच्यामागे तालमीतले तिघे म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. त्यातल्या एकाने हलगी आणली होती. डॉक्टरांनी ती खोलीत ठेवायला लावली.

वजनं सुरू झाली. शंभर मासे, दोन तास. डॉक्टरांनी भागाकार केला. मग बाईंनी केला. 'अ' टाकी, एकशे अठरा ग्रॅम. 'ब' टाकी, एकशे अठरा ग्रॅम.

"बरोबरीत सुटली!" वस्ताद ओरडले. तिन्ही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण हलगी आणायला उठला.

"पट्टणशेट्टी," बाई हळूच म्हणाल्या, "सहा वर्षं, आणि फरक शून्य?"

"मॅडम, 'ब' टाकीत रोग आहे. मासे सुजलेत. पाण्याचा अहवाल आजच आलाय, हे बघा, अजून फोडलेलासुद्धा नाही." डॉक्टरांनी घाईने पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचलं, "रोगजंतू आढळले नाहीत. पाण्यात शेंगतेल, मीठ, लाल मिरची आणि..." त्यांचा आवाज बारीक झाला. "...आणि जिऱ्याचा अंश."

'ब' टाकीत एक मासा उसळला.

"ही आमटी झाली," बाई म्हणाल्या.

"कटाची," वस्ताद म्हणाले. "साहेबांच्या आईंच्या हातची. झक्कास करत्यात."

"तुम्ही माझा डबा माशांना घातलात?" डॉक्टर ओरडले.

"तुमीच म्हनला, बघा काय करायचं ते. मी बघितलं. तुमी जेवत न्हवता, अन्न टाकायचं कसं? आन ही बाजू दुबळी. हिला कुणी वाली न्हाई. भाकरी आमटीत कुस्करायची आन द्यायची. जसजसं हे मासं वाढायलं तसतसं तुमी जेवायचं सोडलं, आन जसं तुमी सोडलं तसा ह्यांचा खुराक वाढला. त्यात माझी काय चूक, सांगा की बाईसाहेब."

"मॅडम, हा प्रयोग या माणसाने नासवला. माझी नोंदवही बघा, 'अ' टाकीला रोज ग्रॅमवर मोजून..."

"साहेब," वस्ताद दुःखाने म्हणाले, "पाव्हण्यांसमोर खोटं बोलू ने."

त्यांनी बाईंना भिंतीपाशी नेलं. भिंतीवर दोन रांगांत कोळशाच्या रेघा होत्या.

"ह्या चौऱ्याऐंशी रेघा साहेबांच्या मुठी. पाठ फिरवली की टाकत्यात. ह्या तीनशेबारा माझ्या. पैल्या दिसापासनं हायेत सगळ्या. वस्तादानं दोन्ही बाजूंचा खुराक ध्यानात ठेवाय लागतोय, न्हाईतर जोड जमत न्हाई."

नाडकर्णी बाई डॉक्टरांकडे बघत राहिल्या. डॉक्टर टाकीकडे बघत राहिले. परवान्यांच्या फायली त्यांना आत्ताच दिसू लागल्या होत्या, लाल फितीत बांधलेल्या.

"मूठ भरून दाखवा," बाई म्हणाल्या.

वस्तादांनी काट्यावर दहा मुठी सोडल्या. दहाही पन्नास ग्रॅमच्या, एक ग्रॅम इकडे की तिकडे. मग डॉक्टरांना सांगितलं. एक मूठ तीस ग्रॅमची, एक साठ. बाईंनी त्यांची सरासरी काढली. मग पर्समधून पेन काढून त्यांनी थेट भिंतीवरच, रेघांच्या खाली, आकडेमोड केली. तिन्ही म्हातारे जवळ सरकले.

"म्हणजे रोजच्या खाद्याशिवाय 'अ' टाकीने वर चार किलोही खाल्लं नाही," बाई अखेर म्हणाल्या. "आणि 'ब' टाकीने वर साडेपंधरा किलो. भाकरी, आमटी, सगळं. एवढं खाऊनही ती फक्त बरोबरीत आली. पट्टणशेट्टी, तुमचं खाद्य चांगलं दिसतंय."

डॉक्टर बांधावर बसले.

"याला प्रयोग म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण प्रयोग पुन्हा करावा असं वाटायला हे पुरेसं आहे. एक वर्ष देते. दोन अटींवर. नोंदी हे ठेवतील." त्यांनी फेट्याकडे बोट केलं. "भिंतीवर ठेवल्या तरी चालेल. आणि तुम्ही रोज डबा खायचा. सगळा. यांच्यासमोर."

"आन ही जोड?" वस्तादांनी विचारलं. "पुन्यांदा एकाला बदाम, एकाला ताक?"

"वस्ताद, दोघांना बदाम दिले तर बदाम चांगले हे कळायचं कसं?"

वस्तादांनी आधी 'अ' टाकीत वाकून बघितलं, मग 'ब' टाकीत.

"बरं," ते म्हणाले. पण या वेळी फेटा काढून म्हणाले, म्हणून बाईंनी ते खरं धरलं.

नवा प्रयोग पुढच्या सोमवारी सुरू झाला. भिंतीला चुना लावला होता आणि त्यावर कोळशाने आता तीन खण आखले होते: 'अ', 'ब' आणि 'साहेब'. तिसऱ्या खणात भाकऱ्या मोजल्या जात. पंधराव्या दिवशी 'अ' टाकी तीन ग्रॅमने पुढे होती, आणि डॉक्टर, खताच्या दुकानातल्या काट्यावर, दोन किलोने. घरी गंगव्वांनी पाहुण्यांना कळवलं की दासोहात आता सुधारणा आहे.

सगळं नीट चाललं होतं. डॉक्टर बांधावर उभे राहून तीन ग्रॅमचा विचार करत होते. तीनच का? चार का नाहीत? शेजारी पोतं होतं. वस्ताद पायरीवर पाठमोरे बसून चहा पीत होते.

"साहेब," न वळता वस्ताद म्हणाले, "मूठ सोडा."

डॉक्टरांनी मूठ सोडली. गोळ्या पोत्यात परत पडल्या. वस्तादांनी चहाचा घोट घेतला, कोळसा उचलला, आणि जरा विचार करून पुन्हा खाली ठेवला.