तिसऱ्या निकालाचे वकील

भास्करराव वकिलांना तुम्ही "चहात साखर बरोबर आहे का?" असं विचारून बघा. ते एक घोट घेतील, डोळे मिटतील आणि म्हणतील, "शाबीत न्हाई."

केजमध्ये आमची नि त्यांची भिंत एकच. मी शाळेत शिकवते, त्यामुळे विक्षिप्त माणसांची मला सवय आहे. तरीही या गृहस्थांनी मला जितके धक्के दिलेत तितके सातवीच्या वर्गानंही दिलेले नाहीत. दिवसभर कोर्टात बांधाच्या भांडणांचे दावे चालवायचे आणि घरी येऊन स्कॉटलंडची पुस्तकं वाचायची, हाच त्यांचा संसार. तिथल्या जुन्या न्यायाधीशांच्या आठवणी, खटल्यांचे जाडजूड खंड, राजेरजवाड्यांच्या लढाया. एडिंबरात म्हणे वकील सकाळी युक्तिवाद करायचे आणि संध्याकाळी कादंबऱ्या लिहायचे. तिथले बोळ यांना तोंडपाठ, आणि आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी कुठे आहे ते मला विचारतात!

"बाई, आपल्याकडं निकाल दोनच," ते सांगायचे. "दोषी, न्हाईतर निर्दोष. तिकडं तिसरा हाय. शाबीत न्हाई, म्हंजे पुराव्यानं ठरलं न्हाई! लई माणुसकीचा निकाल."

पुढे तिकडच्या सरकारनंच तो निकाल कायद्यातून काढून टाकला. मी मोबाईलवर बातमी दाखवली. वकिलांनी चष्मा पुसला. "एकाच ठिकाणी आलीय बातमी. स्कॉटलंडात एका साक्षीदारावर कायबी ठरत न्हाई." मी कपाळाला हात लावला.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आमच्या लेकीचं, वर्षाचं, लग्न तेलगावला जमत आलं.

आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन शेजारीपाजारी चौकशी करून जातं. मुलाचे मामा मोटारसायकलवरून आले आणि नेमके वकिलांच्या ओट्यापाशी थांबले. गाडी बंद करायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन.

"बाई, फसवलंत आमाला! तुमच्या शेजारचे वकीलच म्हनले, पोरगी शाबूत न्हाई. हात मोडलाय का पाय? का डोक्याचंच हाय कायतरी?"

धडधाकट पोरगी समोर भाकरी थापत होती! आमचे हे तर मटकन खालीच बसले. मी तशीच शेजारी गेले.

"काय सांगितलंत हो त्या माणसाला?"

"त्यानं इचारलं, पोरीबद्दल वाईट काय हाय का? मी म्हनलं, शाबीत न्हाई." वर चेहऱ्यावर अभिमान!

"तुमचं शाबीत घाला चुलीत! त्यांनी शाबूत ऐकलं!"

वकिलांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी काळा कोट चढवून ते माझ्याबरोबर तेलगावच्या जीपमध्ये बसले.

तेलगावात शब्दांचा घोळ उलगडला तेव्हा बैठकीत हशा पिकला. मामांनी स्वतःचे कान धरले. मी सुटकेचा श्वास सोडला, पण मुलाची आई हसत नव्हती.

"ऐकन्यात चूक झाली, कबूल," ती म्हणाली. "पन वकीलसाहेब, शाबीत न्हाई म्हंजे तरी काय? डाग हाय, फकस्त दिसंना, असंच ना? मला कुनी असं म्हनलं असतं, तर मी पुन्यांदा त्याचं तोंड बघितलं नसतं."

माझ्या लेकीचं लग्न या माणसाच्या जिभेवर टांगलेलं, आणि आता हा एडिंबरा सुरू करणार! वकील उभे राहिले.

"निर्दोष," ते म्हणाले. "आमच्या वर्षात तसूभर खोट न्हाई. ल्हानपनापासून भिंतीपल्याड तिचं हसनं ऐकत आलोय मी. मला पुरावा नको."

मी थक्क होऊन बघतच राहिले. त्या बाईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आत हाक दिली, "पोहे टाका गं!" लग्न ठरलं.

परतीच्या जीपमध्ये मी आनंदात होते. घाट चढताना वकील एकदम बोलले.

"बाई, आमच्या आईची बोरमाळ हरवलीती. आईनं कमलवर आळ घेतला."

कमल म्हणजे त्यांची बायको. नवऱ्याच्या पुस्तकांना वैतागून ती धारूरला माहेरी गेली, अशी सगळ्या गल्लीची समजूत. माझीही तीच होती.

"सगळ्यांसमोर कमलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, शाबीत न्हाई. मला वाटलं, मी तिला वाचवलं. सकाळी उठून बघतो तर ती गेलती. का गेली, ते आज त्या बाईनं सांगितल्यावर कळलं मला."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग बोरमाळ सापडली का?"

"न्हाई. पन सापडायची गरज कुठं हुती?"

धारूर आलं. वकिलांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव."

"साहेब, केज लांब हाय की अजून!"

"म्हाईत हाय."

उतरताना त्यांचा कोट दारात अडकला, तो मी सोडवून दिला. कमल दार उघडेल की नाही, कुणास ठाऊक. ते किल्ल्याच्या रस्त्यानं भराभर चालत गेले, आणि भरल्या जीपमध्ये, सगळ्यांदेखत, मला रडू फुटलं.