अमरविष आणि मानाच्या गाडीची हकीकत

श्री जलमाता समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी जे वर्तले ते पदरचे काही न घालता लिहिले असे. राज्यात पाच नगरे. पाचांचे सांडपाणी भुयारी नळांनी एके ठायी येई, आणि तेथे मोठा शुद्धिकारखाना, त्यावर सटवाजीराव घोगरे कारखानीस, माणूस करडा परंतु नेकीचा. पाणी निवळून नदीस सोडावे आणि तळीचा गाळ वाळवून खत म्हणून गावोगाव वाटावा, ऐसी चाल. पहिली गाडी मानाची. ती रावांची लेक सगुणाबाई जेथे दिली होती त्या बोरगव्हाणास जाई. ऐसी नऊ वर्षे गेली, आणि रावांस याचा अभिमान बहुत.

मग कारखान्याच्या पारखीण रेवूबाई, पाणी तपासण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही, त्या कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "राव, गाळात अमरविष निघालंय." ज्या तव्यास धिरडे चिकटत नाही आणि ज्या वस्त्रास पाऊस लागत नाही, त्यांच्या लेपाचे हे द्रव्य, वरच्या नगरीच्या लेपवाल्यांकडून गटारात येत होते. ते उन्हाने विरत नाही, उकळून मरत नाही, कुजून संपत नाही. थोडे नदीत जाई, थोडे गाळात बसे, आणि गाळातून शेतात, शेतातून विहिरीत, आणि विहिरीतून माणसाच्या रक्तात जाऊन ठाण मांडी. रावांनी हळूच पुसिले, "बोरगव्हाणची विहीर पाहिलीत?" बाई म्हणाल्या, "तिथलंच पाणी सगळ्यांत वाईट. मानाची गाडी म्हणून तुम्ही दर साली शिगोशीग भरून धाडता." सगुणाबाईस सातवा महिना होता.

इकडे चाळीस गाड्या भरून, बैल जुंपून उभ्या, आणि दिवाणसाहेब निशाण दाखवावयास आलेले. रावांनी कागद पुढे केला. दिवाण बहुत शहाणे. लेपवाले त्यांचे व्याही, म्हणोन कागद वाचावयासही त्यांस चष्मा सापडेना. मग रावांस बाजूस घेऊन बोलिले, "घोगरे, बोभाटा कशाला? तुमच्या लेकीच्या गावची गाडी दुसरीकडे फिरवू. बाकीच्या जाऊ द्यात." हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, परंतु खरे ते लिहावे: राव क्षणभर हो म्हणणार होते. गाडीवान कासरे धरून वाट पाहात होते, आणि रेवूबाई रावांच्या तोंडाकडे पाहात होत्या. मग राव म्हणाले, "बैल सोडा. एकही गाडी हलणार नाही." दिवाण म्हणाले, "मग नऊ वर्षांचा जाब कोण देणार?" राव चालू लागले.

ते थेट बोरगव्हाणास गेले आणि विहिरीस कुलूप घातले. सगुणाबाई कळशी घेऊन आल्या, त्यांस सर्व सांगितले. त्या कळशी कठड्यावर ठेवून म्हणाल्या, "आबा, गाडी आली की म्या म्होरं हून ओवाळायची. समदा गाव म्हनायचा, सगुणेच्या बापाचं आपल्यावर लक्ष हाय. आता त्यास्नी काय सांगू?" राव म्हणाले, "माझं नाव सांग." लेक म्हणाली, "तुमीच सांगा." मग राव चावडीवर गेले, गाव जमविला, आणि नऊ वर्षांचे सर्व आपल्या तोंडाने सांगितले. कोणी शिवी दिली नाही. ते त्यांस फार जड गेले.

सारांश, चाळीस गावे एक जाहली, दरबारास लेपवाल्यांचे गटार निराळे काढणे भाग पडले, आणि विष धरावयास कोळशाचे हौद बांधिले. धरलेले विष कोठे ठेवावे, हे अद्याप कोणास उमगले नाही. राव कारखानिशीवरून दूर जाहले. सगुणाबाईंस कन्या जाहली. तिचे पाणी तीन कोसांवरून राव स्वतः वाहून आणितात. ऐसे वर्तमान जाहले.